नामिबियाच्या इटोशाएवढा खारा मुलूख वऱ्हाडात आहे, आणि त्यावर नऊशे गावं राहतात

नामिबिया-बोट्सवानाच्या रोड ट्रिपची एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. टपावर तंबू बांधलेली गाडी, मागं धुळीचा लोट आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत पांढरंफटक सपाट मैदान. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. खाली कमेंटमध्ये कुणीतरी 'बकेट लिस्ट' लिहिलेलं असतंच.

त्या रीलमधलं पांढरं मैदान बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. नामिबियातलं इटोशा, नाहीतर बोट्सवानातलं मकगाडीकगाडी. दोन्ही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी प्रचंड तळी होती. नद्यांनी वाट बदलली, हवा कोरडी झाली, तळी आटली आणि तळाला मीठ उरलं. इटोशा या नावाचा अर्थच तिथल्या भाषेत 'मोठी पांढरी जागा' असा सांगतात. या मैदानाचा पसारा साधारण ४,८०० चौरस किलोमीटर.

आता हा दुसरा आकडा बघा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळपास तेवढाच. फरक एवढाच की इटोशाच्या मैदानावर एकही गाव नाही. खारपाणपट्ट्यात नऊशेच्या आसपास गावं आहेत. माणसं राहतात, कापूस-तूर पिकवतात, पोरं शाळेत जातात. फक्त पायाखालचं पाणी पिता येत नाही.

इटोशाचं तिकीट काढायला पैसे लागतील. खारपाणाची चक्कर अमरावतीहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत होते. अमरावती, वलगाव, दर्यापूर, अकोट, गांधीग्राम, अकोला. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. या रस्त्यावर काय दिसतं आणि ते तसं का आहे, तेच इथं सांगतोय.

आधी हा खारेपणा आला कुठून

नकाशावर वऱ्हाड बघितलं तर उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग दिसते, दक्षिणेला अजिंठ्याची. मधला भाग खोलगट आहे. सातपुड्यातून निघालेली पूर्णा या खोलगट भागातून पश्चिमेकडं वाहत जाते आणि पुढं जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. लाखो वर्षं डोंगरांवरून वाहून आलेला गाळ इथं साचत गेला. काही ठिकाणी तो शेकडो फूट जाड आहे. या गाळात भूशास्त्रज्ञांना ज्वालामुखीच्या राखेचे थरही सापडलेत. ती राख इथली नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची ती राख मानली जाते. दर्यापूरच्या कापसाखाली सुमात्राची राख, असा हा मामला आहे.

इथं कधीकाळी समुद्र होता, असं गावोगाव सांगितलं जातं. अभ्यासकांमध्येही हा तर्क अधूनमधून निघतो. पण जास्त करून दिलं जाणारं कारण वेगळं आणि सोपं आहे. खडक झिजताना त्यातले क्षार पाण्याबरोबर खाली येतात. जमिनीला चांगला उतार असेल तर ते नदीवाटे निघून जातात. इथं जमीन ताटासारखी सपाट, माती चिकण आणि ऊन कडक. पाणी मुरायला वेळ लागतो, वाहून जायला त्याहून जास्त. मग ते जागेवरच वाफ होऊन उडतं आणि क्षार मागं राहतात. हे हजारो वर्षं चाललं की विहिरीला लागतं ते खारं पाणी.

इटोशा आणि मकगाडीकगाडीची गोष्टही मुळात हीच. पाणी आत आलं, बाहेर गेलं नाही, उन्हानं उडालं, मीठ उरलं.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. अकोल्याला वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही वाळवंटाचा पाऊस नाही. पण कलाहारीतही पाऊस पडतोच, उत्तर भागात तर बऱ्यापैकी. तरी त्याला वाळवंट म्हणतात, कारण वाळू ते पाणी पिऊन टाकते आणि वर काही उरत नाही. कलाहारी हे नाव ज्या स्थानिक शब्दावरून आलं त्याचा अर्थ 'मोठी तहान' असा लावतात. बोट्सवानाच्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे पाऊस. पाण्याची किंमत नोटेवर लिहिणारा देश आहे तो. आपल्याकडं पाणी जमिनीत राहतं, पण खारं होऊन. तहान दोन्हीकडं सारखीच.

विक्रमी रस्ता सोडून आत वळा

अमरावतीहून अकोल्याला जायचा सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. हा रस्ता गिनीज बुकात आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं. हे ७५ किलोमीटर एका लेनचे धरलेत, दोन लेन धरल्या तर साडेसदतीस. आधीचा विक्रम कतारच्या दोहातला होता, पंचवीस किलोमीटरचा. तोही वाळवंटातलाच.

त्या रस्त्यानं गेलात तर दीड-दोन तासांत अकोला येईल आणि दिसणार काहीच नाही. म्हणून अमरावतीतून दर्यापूरकडं निघा.

पहिलं मोठं गाव वलगाव. इथं पेढी नदी लागते, ती पुढं पूर्णेला मिळते. याच परिसरात, पेढीच्या पुलाजवळ, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी अमरावतीकडं येताना गाडीतच देह ठेवला. बाबा मूळचे या पट्ट्याच्या कडेचेच. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव. पूर्णेकाठच्या ऋणमोचन इथं त्यांनी घाट बांधला, पौषातल्या रविवारच्या जत्रेत अन्नदान केलं. लोक नदीवर येतात तर त्यांना नीट उतरता यावं, इतका तो साधा विचार होता. पण ज्या मुलखात विहिरीचं पाणी खारं, तिथं नदीच्या घाटाचं मोल वेगळंच असतं.

वलगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजू हळूहळू बदलतात. झाडं विरळ होतात. संत्र्याच्या बागा, ज्यासाठी अमरावती जिल्हा ओळखला जातो, त्या मागं राहतात. संत्र्याला बाराही महिने गोडं पाणी लागतं, ते इथं नाही. दिसतं ते सपाट काळं रान, त्यात कपाशी, तूर, थंडीत हरभरा आणि बांधांवर वेडी बाभूळ. पहाटे गेलात तर शेतात काळविटांचे कळपही दिसतात. इटोशात स्प्रिंगबॉक हरणं बघायला लोक हजारो रुपये मोजतात. इथल्या शेतकऱ्याला विचारा, तो ही काळवीटं फुकट न्या म्हणेल. रात्रीतून पेरणी खाऊन जातात.

दर्यापूर आलं की बनोसा स्टेशन शोधा. मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतला रेल्वेचं हे स्टेशन. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला टाकली होती. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आता काही वर्षं झाली, गाडी बंद आहे. या मुलखानं पांढरं सोनं पिकवलं, ते सातासमुद्रापार गेलं आणि पिकवणाऱ्याच्या विहिरीत मात्र मिठाचं पाणी राहिलं.

विहीर भरलेली, शेत कोरडं

दर्यापूर ते अकोट हा टप्पा म्हणजे खारपाणाचा गाभा. इथं गाडी थांबवून उतरा. फेब्रुवारीनंतर गेलात तर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. नाल्याच्या काठानं, पाणी साचून आटलेल्या जागी, पांढरी खपली आलेली दिसते. इटोशासारखं सगळं पांढरं दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. इथलं मीठ बहुतेक जमिनीखाली आहे. वर दिसतात त्या त्याच्या खुणा.

सगळ्यात चमत्कारिक खूण म्हणजे विहिरी. दुष्काळी गावात विहीर कोरडी असते, हे आपल्याला माहीत आहे. इथं विहिरीत पाणी असतं आणि तरी शेत कोरडवाहू असतं.

कारण असं. या पाण्यात सोडियम जास्त आहे. ते शेताला दिलं की सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो. मातीचे कण मग एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात. ओली असताना अशी जमीन साबणासारखी बुळबुळीत होते आणि वाळली की विटेसारखी टणक. पुढच्या पावसाचं चांगलं पाणीही मग तिच्यात मुरत नाही. म्हणजे एका वर्षी खारं पाणी देऊन पीक वाचवलं, तर पुढच्या काही वर्षांचं रान बिघडवून ठेवलं. जुन्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. विहीर असून न वापरण्यात त्यांचा शहाणपणा आहे, आळस नाही.

उपाय नाही असं नाही. जिप्सम टाकलं तर त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि माती मोकळी होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या जमिनींवर वर्षानुवर्षं काम चाललंय. दुसरा उपाय शेततळ्याचा. पावसाचं गोडं पाणी वरच्या वर अडवायचं आणि गरजेला एक-दोन पाणी द्यायचं. इथली चिकणमाती पाणी मुरू देत नाही, हा तिचा दोष शेततळ्यात गुण होतो. बऱ्याच ठिकाणी तळाला प्लास्टिकचा कागदही लागत नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणातली गावं मुद्दाम घेतली, त्यात शेततळ्यांवर भर होता.

याच मातीमुळं इथले रस्तेही टिकत नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. सरळ रस्त्यावर गाडी होडीसारखी डोलायला लागली तर समजा, खालून जमीन श्वास घेतेय.

मकगाडीकगाडीवर जाणाऱ्यांना एक नियम सांगतात. मैदान वरून कितीही वाळलेलं दिसलं तरी आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडू नका. वरची पापडी फुटली की खाली चिखल असतो, गाडी बुडाली की मदत यायला दिवस लागतात. म्हणून तिथं दोन गाड्या सोबत निघतात, दोन जास्तीची चाकं आणि दिवसांच्या हिशोबानं पाणी घेऊन. खारपाणात इतकी तयारी नको. पण जून ते सप्टेंबर डांबरी सोडून पांदणीत गाडी घालू नका. दोन सरी झाल्या की काळी माती चाकाला अशी लपेटते की चाक फिरतच नाही, आणि मग गावातून ट्रॅक्टर आणावा लागतो. ट्रॅक्टरवाला येतो, हसतो आणि काढून देतो, हा बोट्सवानापेक्षा आपला फायदा.

एप्रिल-मेही टाळा. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. दंगलीसाठी नाही, उन्हासाठी. कामाच्या आणि खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलायला लावल्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा फिरायला योग्य काळ.

समुद्र चारशे किलोमीटर लांब, तरी मिठाचा सत्याग्रह

अकोला-अकोट रस्त्यावरून थोडं आत गेलं की अकोला तालुक्यातलं दहीहांडा लागतं. इथं थांबल्याशिवाय ही ट्रिप पुरी होत नाही.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. देशभर ठरलं की आपणही मिठाचा कायदा मोडायचा. कोकणात, गुजरातेत प्रश्न नव्हता, समुद्र होता. वऱ्हाडानं काय करायचं? इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब.

पण वऱ्हाडाकडं खाऱ्या विहिरी होत्या. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढलंही जायचं. इंग्रजांच्या मिठाच्या मक्तेदारीत तो धंदा संपला. त्यामुळं त्याच विहिरीचं पाणी काढून त्याचं मीठ करणं म्हणजे बेकायदा मीठ झालं. एप्रिल १९३० मध्ये दहीहांडा हे वऱ्हाडातल्या मिठाच्या सत्याग्रहाचं केंद्र झालं. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या भामोदलाही असंच मीठ तयार झालं. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे वीर वामनराव जोशी ही त्या काळातल्या वऱ्हाड काँग्रेसची मोठी नावं. पुढं जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला, तो इतिहासाच्या पुस्तकात असतो. दहीहांड्याची विहीर मात्र पुस्तकात एका ओळीत आटोपते. ज्या पाण्यानं पिढ्यान्पिढ्या त्रास दिला, ते पाणी इंग्रजांविरुद्ध वापरणारी ही जागा खरं तर जास्त माहीत असायला हवी.

बोट्सवानात हेच काम आता कारखान्यात होतं. मकगाडीकगाडीचा सुआ पॅन नावाचा भाग आहे. तिथं जमिनीखालचं खारं पाणी बोअरनं उपसतात, मोठ्या वाफ्यांत उन्हात आटवतात आणि त्यातून मीठ आणि सोडा अ‍ॅश काढतात. १९९१ मध्ये हा कारखाना सुरू झाला, त्याच्यासाठी सोवा नावाचं एक अख्खं गाव वसलं. आपल्या खारपाणाचं पाणी तेवढं तीव्र नाही, त्यामुळं कुणी तसा कारखाना काढायला येणार नाही. पिकाला जड आणि कारखान्याला हलकं, असं हे मधलंच पाणी आहे.

प्यायचं पाणी येतं कुठून

पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला टीडीएस वापरतात. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार, तो आकडा. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलंय. खारपाणातल्या अनेक विहिरी आणि हातपंप ही दुसरी रेघही ओलांडतात. असं पाणी चुलीवर ठेवलं तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग राहतात.

आणि मूत्रपिंडाचे आजार. अकोला आणि बुलढाण्याच्या खारपाणातल्या गावांमधून किडनीच्या रुग्णांच्या बातम्या गेली कित्येक वर्षं येताहेत. डायलिसिससाठी अकोल्याला फेऱ्या मारणारी घरं आहेत. कारण एकट्या मिठावर ढकलणं सोपं आहे, पण डॉक्टर मंडळी इतक्या सहज तसं म्हणत नाहीत. कडक उन्हात राबताना शरीरातलं कमी होणारं पाणी, अंगदुखीच्या गोळ्या सर्रास खाणं, रक्तदाब, मधुमेह, फवारणीची औषधं अशा अनेक गोष्टींकडं बोट दाखवलं जातं. पण चव खारट म्हणून माणूस पाणीच कमी पितो, हे तर कुणीही सांगेल. पूर्वी या गावांत मुलगी द्यायला लोक का कू करायचे, तेही पाण्यामुळंच. लांबून गोडं पाणी आणायचं काम तिच्याच डोक्यावर येणार, हे बापाला माहीत असायचं.

मार्ग काढला तो डोंगरातून पाणी आणण्याचा. अकोटला पोचलात की उत्तरेला सातपुडा समोर उभा दिसतो. तिथून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी गोडं. वान नदीवरच्या हनुमान सागर धरणातून अकोट-तेल्हारा भागासाठी ८४ खेडी योजना झाली, शहानूर धरणातून अंजनगाव-दर्यापूर बाजूच्या गावांसाठी. पाईप गावापर्यंत गेले. नळाला रोज पाणी येतं का, हा वेगळा प्रश्न. न आलेल्या दिवशी आरओचा निळा जार विकत घ्यायचा. या रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात ते जार वाहणारी गाडी तुम्हाला आडवी जाईल.

आणि इथूनच भांडण सुरू होतं. वानचं पाणी एकच, मागणारे बरेच. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना याच धरणातून पिण्याचं पाणी द्यायची योजना मंजूर झाली. तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, धरण आमच्या सिंचनासाठी बांधलं, पाणी एकेक करून दुसरीकडं राखून ठेवलं तर आमच्या कालव्यात काय येणार? बाळापूरच्या गावांचं म्हणणं, तुम्हाला पिकाला हवं, आम्हाला प्यायला हवं. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हे सुटत नाही.

२०२२ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि योजनेला स्थगिती मिळाली. मग एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख (शिवसेना, ठाकरे गट) खारपाणाचं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि जलसंपदा मंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या घरापर्यंत हे पाणी न्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. दहा-अकरा दिवस ही यात्रा चालली. नागपूरच्या अलीकडं पोलिसांनी ती अडवली. राजकारण बाजूला ठेवा, पण १९३० मध्ये ज्या पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी सरकारला आव्हान द्यायला वापरलं गेलं, त्याच पट्ट्याचं पाणी ९३ वर्षांनी पुन्हा तसंच वापरलं गेलं.

पूर्णेवरच बंधारे बांधून पावसाळ्याचं गोडं पाणी अडवायचं, हा दुसरा मार्ग. नेरधामण्याच्या बॅरेजसारखी कामं त्यासाठीच हाती घेतली गेली. पण अशा कामांची मुदत आणि किंमत कशी वाढत जाते, ते वऱ्हाडातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको.

गांधीग्रामचा पूल

अकोटहून अकोल्याकडं निघालं की चोहोट्टा बाजार मागं पडतो आणि गांधीग्रामला पूर्णा आडवी येते. या पट्ट्याची सगळी कथा ज्या नदीभोवती फिरते, ती अशी एका पुलावरून अर्ध्या मिनिटात पार होते.

इथला जुना पूल इंग्रजांच्या काळातला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला तडा गेला आणि वाहतूक बंद झाली. अकोट आणि अकोला, मधे पंचेचाळीस किलोमीटर, एकाएकी एकमेकांपासून तुटले. लोकांना लांबचा वळसा पडायला लागला. त्याच सुमारास अकोट-अकोला रेल्वेमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज होऊन तयार होता, गाडी तेवढी सुरू व्हायची होती. पूल बंद पडल्यावर महिन्याभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती धावायला लागली. अकोटवाल्यांना रेल्वे मिळाली ती पुलाच्या कृपेनं, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रात्री इथं आलात तर पाय ठेवायला जागा मिळणार नाही. अकोल्याच्या राजराजेश्वराला या दिवशी पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो आणि ते पाणी गांधीग्रामहून कावडीनं जातं. अकोल्यातली मंडळं शेकड्यानं पोरं घेऊन येतात. बांबूच्या मोठमोठ्या कावडींना ओळीनं भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, बांधलेले असतात. ते खांद्यावर घेऊन अठरा-एक किलोमीटर अनवाणी चालत, ढोलताशांच्या गजरात सकाळी ही मंडळी शहरात शिरतात. श्रावणात पूर्णा पुरानं भरलेली असते. वर्षातल्या याच दिवसांत तिचं पाणी सगळ्यात गोडं असतं.